आरूला आजोळी धाडली अन् एल्म शिकले

हंगाम सुरू झालाय. सकाळी दार उघडलं की मळीचा वास घरात शिरतो, वारा कारखान्याकडनं असला की जास्तच. रस्त्यानं ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या वढत गाणी लावून जात्यात, मागं उसाची कांडी पडत जात्यात, अन् शाळंची पोरं ती उचलून चावत चालत्यात. सगळ्यांस्नी बरं वाटतं ह्या दिसांत. थंडी असती, जनावरांस्नी उसाच्या शेंड्याचं वाढं असतं, चुलीपुढं बसायला कारण असतं. मलाच तेवढं धड वाटत न्हाय. माझी छाती दुखती. उगं म्हणायचं म्हणून म्हणत न्हाय, खरंच दुखती, दोन्हीकडनं जड हुती, अन् मी मोरीत जाऊन ब्लाउज चाचपून बघते, भिजलाय का म्हणून. भिजलेला नसतो. कसा भिजंल, आरू माझी आता पाटी-दप्तर घिऊन शाळंत जाती, तिचं दूध तुटून किती हंगाम झालं. पण अंगाला कोण सांगणार.

आमच्याकडं दूध तोडायचं म्हंजे पोराला आजोळी धाडत्यात. आई डोळ्याम्होरं असली की पोरगं पदरात शिरणारच, कडुलिंब लावा न्हायतर कोरफड लावा, तोंड वाकडं करून पितंच. म्हणून मामा गाडी घिऊन यितो, पोराला गुंडाळून न्हेतो, अन् मग काय दिस आईनं तोंड दाखवायचं न्हाय. आवाज बी ऐकू द्यायचा न्हाय. आवाज ऐकला की सगळं परत पयल्यापास्नं, असं बाया म्हणत्यात. ह्यात कुणाला वावगं वाटत न्हाय. मला बी माझ्या आईनं अशीच माझ्या मामाकडं धाडली व्हती, अन् मला त्यातलं एक अक्षर आठवत न्हाय. मग आरूचंच मला का टोचतं, तर सांगते, एका दमात सांगते, न्हायतर परत गप बसंन.

माझं शिक्षण अर्धं. बारावी झाले, बारामतीला कॉम्प्युटरच्या कॉलेजात नाव घातलं, पयलं वरीस कसंबसं झालं अन् लग्न ठरलं. भवानीनगरची पोरगी काटेवाडीत आली. पण फोन व्हता. हिंदीतलं व्हिडिओ बघून, भाकरी थापताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून, मी वेबसाइट बनवायला शिकले. आधी साधं पान, मग जावास्क्रिप्ट, मग रिअ‍ॅक्ट. रिअ‍ॅक्ट निम्मं जग वापरतं, त्यामुळं कुठं बी अडलं तरी आपल्या आधी कुणीतरी तितंच अडलेलं असतं, त्याचं उत्तर उचलायचं अन् आपल्यात चिकटवायचं. मला वाटायचं मला यितंय. मला चिकटवायला यित व्हतं.

तेवढ्यावर बारामतीत एक काम मिळालं. खताच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस, जिन्यात युरियाचा वास, वर सर अन् आमी चार-पाच जण. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइटा करायच्या. आरू तवा दीड वर्साची व्हायला आली व्हती. दिवसभर आत्यांकडं ऱ्हायची (सासूला मी आत्याच म्हणते), अन् मी संध्याकाळी गाडीवरनं उतरले की चप्पल सुद्धा काढू द्यायची न्हाय, ब्लाउजच्या बटणालाच हात. आत्या म्हणायच्या, अगं बाई, आधी पाणी तरी पिऊ दे तुझ्या गायीला. मग सगळी हसायची, मी बी हसायची, अन् उंबऱ्यातच बसायची तिला घिऊन.

त्या हंगामात सरांकडं एका दूध डेरीचं काम आलं. दूध घालणाऱ्या बायामाणसांस्नी आपलं सकाळचं-संध्याकाळचं दूध अन् फॅट फोनवर दिसायची, असं ते पान व्हतं. आधीच्या एका पोरानं ते बनवलं व्हतं अन् तो पुण्याला नोकरी लागून गेला, त्यात अजून निम्मं व्हायचं व्हतं. त्यानं ते एल्म नावाच्या भाषेत लिहिलेलं. आमच्यात ती भाषा कुणी ऐकलेली सुद्धा नव्हती. बाकीच्यांनी हात वर केले. मला न्हाय म्हणाया यित न्हाय, म्हणून ते माझ्याकडं आलं. सर म्हणाले, संक्रांतीपतूर बघ, जमलं तर तुला पक्की करतो, न्हाय तर मग बघू काय करायचं. सर चांगलं माणूस हायत, पण ‘मग बघू’ म्हंजे काय ते मला कळत व्हतं. परत पिठाचा डबा.

पयल्या दिवशी ते उघडून बघितलं. जे जे मला ठाव व्हतं त्यातलं कायच तितं नव्हतं. नेहमीच्या जागी कंस न्हायत, अर्धविराम न्हायत, स्वल्पविराम ओळीच्या सुरवातीला. परत परत फिरवायचा फेरा, म्हंजे लूप, न्हाय. एकदा एखादी किंमत ठरली की ती बदलायचीच न्हाय, नवं पायजे असंल तर नवं करायचं, जुनं तसंच मागं ऱ्हातं. शोधायला गेलं तर हिंदीत व्हिडिओ न्हाय, कुणी आधी अडलेलं दिसत न्हाय, चिकटवायला कायबी न्हाय. मी संडासात जाऊन रडले. अन् घरी गेले तर आरू बटणाला.

आता टोचतं ते सांगते. दूध तोडायचं आत्यांच्या डोक्यात व्हतंच, पण त्या म्हणत व्हत्या संक्रांत हू दे, थंडी वसरू दे, लेकराला बाधंल. मीच म्हणाले, आताच धाडू. का गं, म्हणून इचारलं तर म्हणाले, दात आल्यात, चावती. चावत व्हतीच ती, खोटं न्हाय. पण ते कारण नव्हतं. कारण असं व्हतं की मला डोकं मोकळं पायजे व्हतं. सकाळी लवकर ऑफिसला जायचं व्हतं, संध्याकाळी उशिरा यायचं व्हतं, अन् घरी आल्यावर बी उंबऱ्यात बसायचं नव्हतं. आत्यांनी माझ्याकडं जरा बघितलं अन् म्हणाल्या, बरं. ह्यांनी, म्हंजे माझ्या मालकांनी, तेवढं बी इचारलं न्हाय.

दादा, माझा भाऊ, भवानीनगरवरनं गाडी घिऊन आला. आरूला दोन स्वेटर, कुंची, वरनं माझी ओढणी. तिला वाटलं भुर्र जायचंय. टाटा केला तिनं. मी घरातच थांबले, आत्याच म्हणाल्या भाईर यिऊ नको. खिडकीतनं बघितलं तर गाडी वळली तरी तिचा हात हलतच व्हता.

मग दूध साठलं. ते कुणी मला सांगितलंच नव्हतं, न्हायतर सांगितलं असंल अन् मी ऐकलं नसंल. छाती दगडासारखी झाली, ताप आला, हात वर हुईना. आत्या शेतात गेल्या, कोबीचा गड्डा घिऊन आल्या, त्याची गार पानं माझ्या ब्लाउजमधी घातली अन् वरनं फडकं आवळून बांधलं. म्हणाल्या, म्हशीला आटवताना निदान तिला तरी कळतं का आटवायलोय, पोटात दुसरं असतं. तुझं काय. त्या टोमणा मारत नव्हत्या, मला वाटतं त्या खरंच इचारत व्हत्या.

मी तशीच कामाला गेले. अंगाच्या गरमीनं कोबी शिजायचा. दुपारी सर नाक वर करून म्हणाले, कुणाच्या डब्यात कोबी हाय, जेवून घ्या बाबा एकदाचं. मी म्हणाले, माझ्या. सगळी हसली. मी तशीच खाली मुंडी घालून पडद्याकडं बघत बसले, फडक्याखाली पानं चुरगळलेली, अन् पुढ्यात ती भाषा.

अन् ती भाषा मला आवडाया लागली. हे मला सांगायला सगळ्यात जड जातं.

रिअ‍ॅक्टमधी काय बिनसलं की पान पांढरं पडायचं. काय झालं, कुठं झालं, काय बोलायचं न्हाय, नुसतं पांढरं, रुसल्यासारखं. अन् ते बी लोकांच्या फोनवर गेल्यावर. एल्म तसं करत न्हाय. ती आधीच अडवती, भाईर जाऊच दिती न्हाय, अन् अडवताना बोलती. ‘मी’ म्हणून बोलती. मला हितं एक दिसंल असं वाटलं व्हतं, पण दुसरंच दिसतंय, तुमाला हे तर म्हणायचं नव्हतं ना, असं. इंग्रजीत असायचं, मी फोनवर मराठी करून वाचायची. शाळंत गुरुजींनी म्हणा, घरी म्हणा, चूक झाल्यावर कुणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. मी चुकायची, ती सांगायची, मी परत चुकायची, ती परत तेवढ्याच शांतपणानं सांगायची. दुपारपतूर माझी भीती गेलेली असायची. भीती गेलेली मला त्याच्या आधी कवा आठवत न्हाय.

तिच्यात एक गोष्ट असती, तिचा अर्थ ‘असंल न्हायतर नसंल’ असा. डेरीवर एखाद्या दिवशी एखादीचं दूध आलंच न्हाय तर काय दाखवायचं, हे आधी मी शून्य टाकून मोकळी व्हायची. जावास्क्रिप्ट कवाच इचारत न्हाय. एल्मनं इचारलं. नसंल तर काय करणार ते सांगा, तवर मी म्होरं जाणार न्हाय. मी बसले इचार करत. आमच्या घरचं बी दूध जातंय की डेरीला. शून्य म्हंजे किटली न्हेली अन् रिकामी निघाली. अन् न येणं म्हंजे म्हैस भाकड असंल, बाई आजारी असंल, घरात कुणाचं काय झालं असंल. ही दोन येगळी हायत, अन् मी आजवर एकच धरत आले व्हते. मी तितं लिहिलं, दूध आलं नाही. लगेच पुढची ओळ लिहाया घेतली, अन् मग हात थांबला, कारण छातीतनं एक कळ गेली अन् फडकं ओलं झालं.

आईचा, माझ्या आईचा, रोज दुपारी फोन यायचा. माझा आवाज आरूला ऐकू द्यायचा नव्हता म्हणून आमची एक रीत बसली व्हती. आई फोन स्पीकरवर ठिवून पदराखाली झाकायची, मी माझ्याकडनं आवाज बंद करायची, अन् आरू तितं खेळताना, बडबडताना ऐकायची. दादाच्या पोराशी भांडायची ती. कारखान्याचा भोंगा वाजला की ती बी तसाच आवाज काढायची. पयल्या दिशी मी ते ऐकताना तोंडात पदर कोंबला व्हता. जिन्यात उभी ऱ्हाऊन ऐकायची. मग जागेवर बसून ऐकाया लागले. मग एका हातानं काम करत.

एका दुपारी असाच फोन कानाशी, डोळं पडद्यावर. सकाळपास्नं एकच गोष्ट अडली व्हती, सगळं मिळून पान उभं ऱ्हाईना. मी एक ओळ बदलली. एल्म कायबी बोलली न्हाय. कायच चूक न्हाय म्हणाली अन् पान उघडलं, बायांची नावं, सकाळ, संध्याकाळ, फॅट, सगळं जिथल्या तिथं. माझ्या तोंडातनं हसू फुटलं. इतकं बरं वाटलं की मी खुर्चीत मागं रेलले, आरू झाल्यावर पयल्यांदा तिला बघून वाटलं व्हतं तसं वाटलं, देवाशप्पथ.

अन् फोनमधी आई इचारत व्हती, “ऐकलंस का गं? आई म्हणून हाक मारली तिनं. दाराकडं बघून मारली.”

मी ऐकलं नव्हतं. फोन कानालाच व्हता. आईनं स्पीकर बंद केल्यावर मी आवाज चालू करून म्हणाले, व्हय, ऐकलं. आई म्हणाली, बघ, अजून इसरली न्हाय, पण आता दोन-चार दिसांत इसरंल, रडू नको. मी रडत नव्हते. आईनं ते माझ्या आवाजावरनं वळखलं का न्हाय, मला आजपतूर कळलं न्हाय. इचारलं न्हाय मी. तिची ती हाक परत काय मला ऐकाया मिळाली न्हाय. एल्म असती तर अडवली असती, म्हणाली असती, हितं काहीतरी आलं व्हतं, ते तुमी घेतलंच न्हाय. माणसांत तसं कुणी अडवत न्हाय. सगळं चालू ऱ्हातं.

संक्रांतीच्या आधी काम झालं. सरांनी डेरीतल्या लोकांस्नी दाखवलं, माझ्याकडं बोट करून म्हणाले, हिनं केलं. पक्की झाले. मी पेढं घिऊन घरी आले अन् आत्यांनी पेढा देवापुढं ठिवला, मग स्वतःच्या फोनवर आमच्या म्हशीचं फॅट बघितलं अन् म्हणाल्या, कमी लावत्यात मेले. तेवढीच काय ती माझ्या कामाची तारीफ. पण फोन त्यांनी दिवसभर शेजारणींस्नी दाखवला.

अन् आरू आली. बोरन्हाण करायचं म्हणून संक्रांतीला दादानं आणून सोडली. गाल थंडीनं फुटलेलं, जरा वाळलेली, एक नवा शब्द शिकून आलेली, ‘चल’. मी उंबऱ्यातच बसले व्हते. ब्लाउजची बटणं गच्च लावून, वरनं पदर खोचून, ती मागायला लागली तर कसं तोंड फिरवायचं ते मनात घोळवत. आत्यांनी पढवूनच ठिवलं व्हतं, मागितलं तरी द्यायचं न्हाय, एकदा दिलं की गेलं.

तिनं मागितलंच न्हाय.

गाडीवरनं उतरली, माझ्याकडं बघितलं, जरा थांबली. मग माझ्या बाजूनं, पाव्हण्याच्या बाजूनं जावं तशी, अंग चोरून घरात गेली अन् आत्यांचा पदर धरला. दुपारी तिला काळं झबलं घालून, हलव्याचं दागिनं घालून पाटावर बसवलं, गल्लीतली पोरं गोळा झाली, डोक्यावरनं बोरं, कुरमुरं, उसाचं करवं ओतलं. दुसरी पोरं असल्या टायमाला भ्यात्यात, भोकाड पसरत्यात. ही गप बसून ऱ्हायली. पोरं अंगावर पडून बोरं येचत व्हती अन् ही त्यातलं एक बोर उचलून, आजूबाजूला बघून, माझ्या हातात ठिवती. “घे,” म्हणाली. पाव्हण्याला देत्यात तसं. बाया म्हणाल्या, कशी शहाणी झाली गं, कशी झटदिशी सुटली, तुला काय तरासच दिला न्हाय की. मी म्हणाले, व्हय, शहाणीच हाय. बोर खाल्लं. आंबट व्हतं.

मग सगळी गेल्यावर ती माझ्याजवळ झोपली, पण भिंतीकडं तोंड करून, अन् तोंडात अंगठा. आधी अंगठा नव्हता तिला. तितं शिकली. मी बघत बसले, केवढा येळ ती अंगठा चोखत व्हती, डोळं मिटलेलं, आपलं आपणच भागवत. त्याच दिसांत मी शिकले अन् त्याच दिसांत ती शिकली. मला त्याचं पेढं मिळालं.

आता ती सगळं बोलती, भांडती, माझ्या गळ्यात पडती, कुणी बघितलं तर म्हणंल कुठं काय झालंय. सगळ्याच पोरांचं असंच असतं, ह्यांचं म्हणणं. डॉक्टरीणबाई बी म्हणाल्या व्हत्या दीड वरीस पाजलं म्हंजे लई झालं. मला ते पटतं. रोज पटतं. पण त्या भाषेत एक सोय असती, जिथं काय करायचं ते सुचत न्हाय तितं ‘नंतर बघू’ अशी खूण टाकायची, अन् ती म्होरं जाऊ दिती. फक्त काम लोकांपुढं न्यायची येळ आली की अशी एक बी खूण चालत न्हाय, शोधून शोधून अडवती. माझ्यात ती खूण त्या हाकेच्या दुपारपास्नं हाय, अन् मी तशीच लोकांत हिंडते.

आरूला ते काय आठवत न्हाय. पण आमच्या घरात ही गोष्ट सांगत्यात. आत्या पाव्हण्यांस्नी कौतुकानं सांगत्यात, पोरीला आजोळी धाडलं अन् आमची सून तेवढ्यात इंग्रजी कसली भाषा शिकली बघा. आरू तितंच खेळत असती. ऐकत असती, हे माझ्या ध्यानात कवा आलं न्हाय.

परवा सर म्हणाले, डेरीचं मागचं सगळं काम, जे लोकांस्नी दिसत न्हाय ते, आता एलिक्सिर नावाच्या भाषेत करायचं म्हणत्यात, तुला अशी परकी भाषा जमती, तूच शिक. मी भ्याले. पण भ्यायच्या आधी क्षणभर पोटात जे झालं ती भीती नव्हती, ती भूक व्हती, मला वळखू आली. घरी यिऊन चा पिताना आत्यांस्नी सांगितलं, लई अवघड हाय म्हणून सांगितलं, तोंड पाडून सांगितलं. आरू तितंच गणितं करत बसली व्हती. उठून आत गेली.

जरा वेळानं आली ती हातात कापडाची पिशवी घिऊन. आत दोन फ्रॉक, स्वेटर, कंगवा, अन् शाळंची पाण्याची बाटली. चेहऱ्यावर रुसवा न्हाय, कायबी न्हाय. चुलतीनं हळदी-कुंकवाला निघताना इचारावं तसं साधं इचारलं तिनं, “मी जाऊ का आज्जीकडं? तुला शिकायचंय ना.”

आत्यांच्या हातातली बशी तशीच ऱ्हायली. मी न्हाय म्हणाले. कुठं बी जायचं न्हाय म्हणाले, पिशवी काढून घेतली, तिला जवळ वढली, अन् ती आली बी जवळ, केसांस्नी खोबरेल तेलाचा वास. आत्या म्हणत्यात मी लगेच न्हाय म्हणाले, तिनं इचारलं अन् मी म्हणाले, मधी काय सुद्धा अंतर नव्हतं.

व्हतं. तेवढ्यात मी तिच्या शाळंला सुट्ट्या कवा लागत्यात ते आठवत व्हते.